दूध तुटल्यावर

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं वर्षाच्या फेऱ्यात कितीदा तरी ओठांवरून जातात. काही गर्जतात, काही रडतात, काही वैऱ्यांच्या आठवणीने दात खातात, एक तर वाढत वाढत एकशे शहात्तर ओव्यांपर्यंत जातं; आणि मग पानं उलटता उलटता एकशे एकतिसावं स्तोत्र येतं, अवघ्या तीन ओव्यांचं, इतकं लहान की बोट पुढच्या स्तोत्रावर पोहोचल्यावर ध्यानात येतं, अरे, मघाशी कुणीतरी आपल्याशी बोललं होतं.

बोलणारा जाणता माणूस आहे. परंपरा त्याला दावीद राजा म्हणते. त्याने लढाया पाहिल्या आहेत, लेकरांची मरणं पाहिली आहेत, स्वतःच्या हातांवरचं रक्त पाहिलं आहे. आणि तो देवाला एवढंच सांगतो की आता माझी नजर वर चढलेली नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींमागे मी धावत नाही, माझा जीव मी शांत केला आहे, आईजवळ असलेल्या लेकरासारखा. कोणत्या लेकरासारखा? अंगावर पिणाऱ्या नव्हे. ज्याचं दूध तुटलं आहे, त्या लेकरासारखा.

यरुशलेमची चढण चढताना यात्रेकरू जी पंधरा गीतं म्हणत असं मानतात, त्यांतलं हे एक. मराठी माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या मुलखात आषाढ जवळ आला की रस्तेच गाऊ लागतात, धुळीने माखलेली पावलं आणि पावसाने भिजलेली डोकी एकाच तालात डुलतात, आणि देवाच्या भेटीला निघालेली पांढऱ्या केसांची माणसं त्याला बिनदिक्कत आई म्हणून हाका मारतात, त्या मुलखात ह्या स्तोत्राला परकेपणा कुठून येणार? नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताजवळ जाताना ज्ञानोबा-तुकोबांची वाट काही सोडली नाही. त्यांनी ख्रिस्तालाही माउली म्हटलं. फुलामुलांच्या ह्या कवीला देवापुढे लहान होण्याची लाज कधी वाटली नाही.

माझ्या आजीलाही नव्हती.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेला लागून दगडी देऊळ. आम्ही देऊळच म्हणायचो. रविवारी घंटा झाली की धुतल्या लुगड्यांचा, खोबरेल तेलाचा आणि अबोलीचा एक मिसळलेला वास सतरंजीवर येऊन बसायचा. एकीकडे पुरुष, एकीकडे बाया, मध्ये पेटी आणि तबला. उंच खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा उपासना चालू असताना हळूहळू सरकत जायचा, पाळकांच्या खांद्यावरून पुस्तकावर, पुस्तकावरून पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोक्यांवर, आणि तो माझ्या कपाळावर आला की मला वाटायचं, आता देवाने मला पाहिलं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण तरुणपणी बायबलबाई वस्तीवर येऊन जे जे वाचून दाखवायच्या ते तिच्या कानांतून थेट रक्तात गेलं होतं. ‘उपासना संगीत’ हातात न घेता ती भजनाच्या सगळ्या कडव्यांतून चालत जायची, अंधारात स्वतःच्या घरातून चालावं तशी. पहाटे जात्यावर बसली की ओवीत येशूबाळ यायचा, मरियाबाई यायची, आणि पिठासोबत त्या साऱ्यांचं घरपण माझ्या झोपेत सांडत राहायचं.

अशा घरातल्या मुलीला देव आहे की नाही हा प्रश्न पडत नाही. जात्याचा आवाज आहे की नाही, असा प्रश्न पडतो का?

मग 1972 साल आलं.

त्याआधीच्या वर्षीही पाऊस ओढ देऊन गेला होता. ह्या वर्षी तर आभाळाने पाठच फिरवली. विहिरींचे तळ उघडे पडले, त्यांतले शेवाळलेले दगड वाळून पांढरे झाले. दावणी रिकाम्या होत गेल्या. ज्या हातांनी पेरायचं ते हात खडी फोडायला रस्त्यांच्या कामांवर गेले. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ताटात आली, तिची भाकरी थापताना आजी गप्प असायची. शाळेत सुकडी मिळायची, आणि तिच्या पिवळट गोडव्याला आजही माझ्या जिभेवर एक भुकेची कड आहे.

एका रविवारी साऱ्या मंडळीने पावसासाठी प्रार्थना केली. आम्हा शब्बाथ शाळेच्या मुलांना पाळकांनी पुढे बसवलं. लेकरांचं देव आधी ऐकतो, ते म्हणाले. मी डोळे गच्च मिटून एकदाच मागितलं. दुसऱ्यांदा मागायचं नाही असं मी ठरवलं होतं. पुन्हा मागणं म्हणजे पहिल्या मागण्यावर आपलाच विश्वास नसणं, हा माझा हिशेब होता. त्या रात्री वाकळेवर पडून मी पावसाची वाट पाहत राहिले. दिवसभर तापलेले छपराचे पत्रे रात्रीच्या गारव्याने आकसू लागतात तेव्हा टक् टक् वाजतात. एक आवाज इकडे, एक तिकडे, मग जरा वेळ काही नाही, मग दोन जवळजवळ. मी आनंदाने श्वास रोखून ऐकत होते. आला. येतोय. थेंब मोजता मोजताच मला झोप लागली असावी.

सकाळी अंगण कोरडं होतं.

त्या दिवशी जेवताना आजीने नेहमीसारखे हात जोडून अन्नाबद्दल देवाचे आभार मानले आणि मी ताट सरकवलं. कशाचे आभार, मी विचारलं. आजी रागावली नाही. तिने देवाची बाजू घेतली नाही, कुठलं वचन काढलं नाही, पाऊस का आला नाही ह्याचं कारणही सांगितलं नाही. “आगं, ये. बस हितं,” म्हणाली. मी तिच्या मांडीवर मावण्याच्या वयातून केव्हाच बाहेर पडले होते. पाय जमिनीवर लोंबत होते, तिची हाडं टोचत होती. तरी बसले.

भूक तशीच होती. मांडीही तशीच होती.

मोठं होणं त्या सकाळपासून सुरू झालं असं आज वाटतं. पुढे वसतिगृह आलं, शहर आलं, पुस्तकं आली. प्रार्थना करणारी माणसं एकमेकांशी किती कठोर वागू शकतात तेही दिसलं, आणि देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर माणसाची जात पुन्हा त्याच्या अंगावर चढते तेही दिसलं. एकेक गोष्ट उमगत गेली तशी मनातली एकेक पणती विझत गेली, आणि उजेड मात्र वाढत गेला. असा उजेड, ज्यात सगळं दिसतं आणि काहीच ऊब देत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पोरपण मागे टाकल्याचं सांगितलं आहे. ते मला पटायचं. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, शिष्य आपल्यात मोठा कोण म्हणून विचारत असताना, येशू एका बालकाला जवळ बोलावून मधोमध उभं करतो आणि तुम्ही असे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात शिरणार नाही म्हणतो. ते वाचलं की पत्र्यांचा आवाज कानांत यायचा. पुन्हा तसं व्हायचं? त्या कोरड्या अंगणाच्या अलीकडे परत जायचं कसं? कोणालाच जाता येत नाही.

ह्या कोड्याची गाठ सुटली ती माझ्या लेकीमुळे.

तिचं अंगावरचं दूध तोडायचं ठरलं. सासूबाईंनी कडुनिंबाचा कोवळा पाला पाट्यावर वाटला, त्याचा हिरवा उग्र वास घरभर पसरला, आणि जे पिढ्यान् पिढ्या आयांनी केलं ते मीही केलं. लेक रोजच्या सवयीने रांगत आली, मांडीवर चढली, पदर बाजूला केला. ओठ लागले. आणि तिने वर माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला विसरता येत नाही. ज्या जागी जन्मल्यापासून फक्त गोडी होती, जगातली एकच जागा जी कधी कडू होणार नव्हती, तीच कडू निघाली होती. ती किंचाळली, तिने मला इवल्या मुठींनी मारलं, पाठ फिरवली, पुन्हा आली, पुन्हा किंचाळली. सासूबाईंनी तिला उचलून नेलं. मी दाराच्या अलीकडे भिंतीला टेकून उभी होते. पलीकडे ती रडत होती, आणि तिच्या प्रत्येक हुंदक्यासरशी माझ्या छातीत पान्हा दाटून येत होता, ठणकत होता, चोळी भिजत होती. द्यायला इतकं होतं. आणि द्यायचं नव्हतं.

तोडणाऱ्यालाही दुखतं, हे मला स्तोत्र पाठ करताना कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री उलटत गेल्या, तसं रडणं कमी झालं. एका रात्री ती आपणहून आली. मी अंथरुणावर पडले होते. ती माझ्या कुशीत शिरली, छातीपाशी आली, क्षणभर थांबली. मी श्वास धरला. तिने पदराला हात लावला नाही. नुसतं डोकं टेकलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि झोपली. आजवर ती दुधासाठी यायची आणि दूध संपलं की तृप्त होऊन दूर व्हायची. आता दूध नव्हतं, गोडी नव्हती, मिळण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी ती आली होती, ह्या एवढ्या मोठ्या अंधारात नेमकी इथेच आली होती.

मागायला नव्हे. माझ्यासाठी.

त्या अंधारात तीन ओव्यांचं ते स्तोत्र बरसलं माझ्यावर. दाविदाला दूध पिणारं लेकरू का आठवलं नाही ते कळलं. पिणाऱ्या लेकराचा विश्वास गोड असतो, पण तो विश्वास दुधावर आहे की आईवर, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. ते कळायला दूध तुटावं लागतं. येशू ज्या लेकराकडे बोट दाखवतो ते अंगणाच्या अलीकडचंच असेल असं कशावरून? ते पलीकडचंही असू शकतं. नाकारलं गेलेलं, रडून झालेलं, सारं कळलेलं आणि तरी परत आलेलं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. दुष्काळ हा देवाने लावलेला कडुनिंब होता, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्यासमोर उभं राहून तुझ्या भल्यासाठीच झालं म्हणणाऱ्या जिभेची मला भीती वाटते. दाविदाने तसं म्हटलेलं नाही. आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी शिरत नाही एवढं म्हणून तो थांबतो. पाऊस का आला नाही, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की भिंतीच्या पलीकडे कोणीतरी रडत असतं तेव्हा अलीकडेही कोणाची तरी छाती ठणकत असते. क्रुसाकडे पाहताना मला त्या ठणक्याची खात्री पटते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी अनेकदा अशा वेळी मनाशी उघडते. 1858 साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जन्मलेली मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केलेले विद्वान. तीर्थामागून तीर्थ पालथं घालत हे कुटुंब हिंडलं, दुष्काळात सापडलं, उपासमारीने खचलं. 1874 साली वडील अखेरच्या घटका मोजत होते तेव्हा त्यांची दृष्टी अधू झाली होती, अंगात त्राण उरलं नव्हतं. सोळा वर्षांच्या धाकट्या लेकीला त्यांनी मिठीत घेतलं, डोक्यावरून गालांवरून हात फिरवला आणि मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच राहा, असं सांगितलं. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात ही आठवण लिहून ठेवली. बाप हिंदू भक्त म्हणून गेला, लेक 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली, आणि त्या थरथरत्या हातांनी दिलेलं ते देणं तिने अखेरपर्यंत अंगावर वागवलं.

आणि दूध तर किती वेळा तुटलं! वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली, मग भाऊ. लग्न झालं आणि 1882 साली नवरा गेला. कडेवर तान्ही मनोरमा. ह्या बाईचा विश्वास भाबडा म्हणायची कोणाची छाती आहे? ज्या इंग्लिश धर्मभगिनींच्या आधाराने ती ख्रिस्ताकडे आली त्यांच्याशीही तिने पत्रांतून वाद घातला. जे पटलं नाही त्यापुढे मान तुकवली नाही. देवापुढे लेकरू होणं म्हणजे माणसांपुढे अज्ञान होऊन राहणं नव्हे. करिंथकरांच्या त्याच पत्रात पुढे पौलानेही सांगितलं आहे, दुष्टपणात बाळ असा, समजुतीत मात्र प्रौढ व्हा. रमाबाई प्रौढ होत्या. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या बैलगाड्यांच्या आणि आगगाड्यांच्या वाटांवरून उपाशी मुली गोळा करत फिरल्या, कारण त्या भुकेचा चेहरा त्यांनी स्वतःच्या आरशात पाहिलेला होता. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. ज्यांची मांडी हरवली होती त्या मुलींना मांडी मिळाली.

मला वाटतं, परत आलेल्या लेकराची खूण हीच. ते स्वतः नुसतं टेकून राहत नाही. त्याच्या जवळ दुसऱ्यांना टेकता येतं.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई बायबलचं भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. मुक्तीतल्या मुली त्याचे खिळे जुळवत होत्या. 1921 साली मनोरमाही गेली. उरलेली एकुलती एक. काम थांबलं नाही. शेवटचं पान हातावेगळं झालं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी डोळे मिटले. त्या प्रचंड ग्रंथात कुठेतरी तीन ओव्यांचं ते छोटं स्तोत्रही आहे. ते त्यांच्या लेखणीखालून गेलं तेव्हा त्या किती वेळ थांबल्या असतील? कोणकोणते हात डोक्यावरून फिरून गेले असतील?

आणि ज्याने लेकरांना जवळ येऊ द्या म्हटलं, हटकणाऱ्या शिष्यांवर जो संतापला, ज्याने पोरांना उचलून कवेत घेतलं, त्याचं तरी दूध तुटायचं राहिलं का? गेथशेमाने बागेत, जैतुनाच्या झाडांखाली, तो रात्री एकटा जमिनीवर पालथा पडला होता आणि पोराने बापाला मारावी तशी हाक मारून मागत होता, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. देवाच्या लेकाचंही मागणं कोरड्या अंगणासारखं राहिलं. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राची आरोळी ठोकली, सोडून दिलेल्या लेकराची. आणि लूकच्या सांगण्याप्रमाणे अखेरच्या श्वासात एकतिसाव्या स्तोत्रातला शब्द उच्चारून आपला आत्मा बापाच्या हाती सोपवला, तोच शब्द जो यहुदी घरांत आजही रात्री निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटला जातो. एकाच तोंडातून दोन्ही. आरोळी आणि झोप. पहिलीला दुसरीने खोटं ठरवलं नाही.

म्हणून मला आता मोठं झाल्याची खंत वाटत नाही. जे कळलं ते कळायला हवंच होतं. उघडे डोळे पुन्हा मिटून घेणं हा विश्वास नव्हे, आणि माझ्या देवाला माझे उघडे डोळे खुपत असतील असं मला वाटत नाही. तो उजेड, ज्यात ऊब नव्हती, तोही त्याचाच होता. त्यातून चालत गेल्यावरच मला दिसलं की आजीचा विश्वास पत्र्यांचा आवाज पाऊस समजणाऱ्या पोरीसारखा नव्हता. तिने तीन लेकरं पुरली होती. मिलोच्या भाकरीपुढे हात जोडणारी ती बाई काय जोडत होती हे तिला नीट माहीत होतं.

हल्ली रविवारी मी शब्बाथ शाळेत शिकवते. मुलं शहरातली, चौकस, हातचं राखून बोलणारी. त्यांतल्या एकीने परवा विचारलं, “बाई, मागितलं तर देव देतोच का?” वर्ग एकदम गप्प झाला, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. तिच्या वडिलांचं आजारपण मला ठाऊक होतं. होय म्हटलं असतं तर एखाद्या सकाळी तिला कोरडं अंगण दिसलं असतं, आणि तेव्हा मी तिथे नसते. नाही म्हटलं असतं तर मी खोटं बोलले असते.

मी तिला सांगितलं की देव दर वेळी देत नाही. आणि तरी माग. रोज माग, एकदा मागून थांबू नकोस, हट्ट कर, रड, चिडलीस तर चिडल्याचंही त्यालाच सांग. जे मिळेल ते वाटून खा. आणि मागितलेलं मिळालं नाही, तर एवढंच कर: मांडी सोडून जाऊ नकोस.